चौऱ्याण्णव टक्के हजर

१

यहया परकार मेला आहे हे आम्हाला आठ महिन्यांनी कळलं. त्या आठ महिन्यांत त्याची हजेरी चौऱ्याण्णव टक्के होती.

बातमी आणली हनीफने. हनीफ आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर, मूळचा दापोलीकडचा, पन्नाशीचा गृहस्थ. नववीच्या मुलांचे बोर्ड-नोंदणीचे फॉर्म पालकांच्या सहीसाठी घरोघरी पोचवायचं काम त्याच्याकडे होतं. मंगळवारी सकाळी त्याने एक लिफाफा न पोचवताच माझ्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, ह्याच्या जनाज्याला मी स्वतः होतो," तो म्हणाला. "मे महिन्यात. रस्ता ओलांडत होता, पिकअपने उडवलं. मुहैस्नाहमधल्या मुश्ताकभाईंचा पोरगा."

मग एवढे दिवस बोलला का नाहीस, असं मी विचारलं. तो म्हणाला, मी तुमच्याकडे लागलो ऑक्टोबरात, मला वाटलं शाळेला माहीत असणार. त्याचं म्हणणं बरोबर होतं. शाळेला माहीत असायला हवं होतं.

मी अनुराधा टिपणीस. अल बर्शातल्या एका औषधांच्या दुकानावर तीन खोल्या आहेत, तीच आमची शाळा. नववी ते बारावी, सगळं ऑनलाइन. वर्ग नाहीत, घंटा नाही, मैदान नाही. सातही अमिरातींत पसरलेली एकशेवीस मुलं आपापल्या घरी स्क्रीनसमोर बसतात आणि आम्ही त्यांना शाळा म्हणतो. मी नोंदणी बघते. दर जानेवारीत एक तक्ता करते: मुलगे किती, मुली किती, वयं काय, कुठल्या अमिरातीतले, घरी कुठली भाषा, वर्षभरात किती आले, किती गेले आणि का गेले. यंदाचा तक्ता तयार होता. मुलगे त्रेसष्ट, मुली सत्तावन्न.

दहा वर्षं हे काम केल्यावर फॉर्मचे पहिले चार रकाने बघून मी सांगू शकते की हे मूल बारावीपर्यंत टिकणार की मध्येच गळणार. सहसा चुकत नाही. याचा मला थोडा अभिमान होता, तो इथेच सांगून टाकते.

बातमी ऐकून मला काही वाटलं नाही. मुलगी शिकायला कॅनडात गेली, नवरा मस्कतच्या नोकरीवर गेला तो तिकडेच रमला, तेव्हापासून मला कशाचंच फारसं काही वाटत नाही. मी फक्त कॉम्प्युटरवर यहयाचं पान उघडलं. मंगळवारचा दुसरा तास चालू होता. त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका होता.

तो वर्गात बसला होता.

२

प्रिन्सिपल फिरदोस मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाई हुशार, तापट नाहीत, पण गुंता त्यांना सोसत नाही.

"लाइन काढून टाक," त्या म्हणाल्या. "गुरुवारी दोनला बोर्डाची यादी बंद होते. त्याआधी नाव काढ, खलास."

मी म्हटलं, त्या नावावर कोणीतरी आठ महिने शिकतंय. परीक्षा दिल्यात, गृहपाठ दिलेत. लाइन काढली तर त्या कोणाचं तरी अख्खं वर्ष जाईल. त्या नोंदणीशिवाय दहावी देता येत नाही.

"आणि ठेवली तर मी मेलेल्या मुलाला बोर्डात बसवलं असं होईल." त्यांनी चष्मा काढला. "कोण आहे ते शोध मग. गुरुवारी दुपारपर्यंत. नाही सापडलं तर मी स्वतः काढीन."

मी फाइल काढली. यहया मुश्ताक परकार, वय पंधरा. वडिलांचा मुहैस्नाहमध्ये कामगारांच्या कॅम्पांजवळ बकाला, म्हणजे किराणा दुकान. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात. भावंडं: एक बहीण, दुआ, पूर्वी आमच्याकडेच, नाव कमी केलेलं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मंगळवार ते शुक्रवार चार दिवस गैरहजर. पुढच्या सोमवारी हजर. त्यानंतर क्वचितच सुटलाय.

गृहपाठाच्या वह्यांचे फोटो मुलं अपलोड करतात. मी एप्रिलचे आणि जूनचे शेजारी शेजारी लावले. एप्रिलमधलं अक्षर डावीकडे कललेलं, घाईचं, बेडकाच्या आकृतीला नावं दिलेली नाहीत. जूनमधलं अक्षर सरळ, आणि प्रत्येक पानाला लाल पेन्सिलीने आखलेला समास.

कुठल्याही शिक्षकाच्या हे लक्षात आलं नव्हतं. आम्ही मुलांना ओळखतच नाही, तर अक्षर काय ओळखणार.

पहिला संशय जवळच्याच माणसावर गेला. सुजीत आमचा कोऑर्डिनेटर, गणितही तोच शिकवतो. आमचा परवाना टिकायला किमान एकशेवीस मुलं लागतात आणि आमच्याकडे होती बरोब्बर एकशेवीस. ही संख्या राखायची जबाबदारी सुजीतची. एक मूल कमी पडू नये म्हणून तो काय काय करू शकेल याचा मी विचार करू लागले. लाल पेन्सिल त्याच्याही टेबलावर होतीच.

३

सुजीत आधी हसला, मग चिडला. मेलेल्या मुलाची हजेरी मी लावीन असं तुम्हाला वाटतं तरी कसं, असं म्हणाला. मी म्हटलं, मला काही वाटत नाही, मी फक्त विचारतेय.

"अहो, तो उत्तरं देतो," तो म्हणाला. "चॅटमध्ये. परवा शुक्रवारी फळ्यावर माझंच चिन्ह चुकलं, ते त्यानेच दाखवलं. मी बोलतोय आणि तो टाइप करतोय, एकाच वेळी. मी दोन्ही कसा असेन?"

हे मला पटलं. रेकॉर्डिंग काढून पाहिलं, तर खरंच तसं होतं. मग मी कॅमेऱ्याचं विचारलं. मुलींनी कॅमेरा बंद ठेवला तर आमच्याकडे चालतं, कितीतरी घरांचा तसा आग्रहच असतो. मुलग्यांना मात्र चालू ठेवावा लागतो. यहयाचा कॅमेरा मेपासून बंद होता.

"बिघडलाय म्हणाला. माइकही. मी सोडून दिलं," सुजीत म्हणाला. मग जरा वेळाने: "अभ्यास करत होता ना, मॅडम. अभ्यास करणाऱ्याला कोण छळतं."

दुसरा संशय अर्सलानवर होता. तो अबू धाबीच्या खलिफा सिटीत राहतो आणि वर्गात यहयाचा सगळ्यात जवळचा मित्र होता. मित्राची जागा राखायची म्हणून मुलं काहीही करू शकतात. बुधवारी सकाळी मी त्याला व्हिडिओ कॉल लावला. उंच, बारीक मुलगा. मागे त्याची आई हिंदीत कोणाशी तरी फोनवर बोलत होती.

मी सावधपणे सुरुवात केली. यहयाबद्दल काही कळलंय का?

"ही डाइड," अर्सलान म्हणाला. "इन मे. एव्हरीबडी नोज, मिस."

सगळ्या वर्गाला माहीत होतं. आठ महिने. शाळेत तेवढी आम्हीच माणसं होतो ज्यांना माहीत नव्हतं. मी विचारलं, मग सांगितलं का नाही?

"यू नेव्हर आस्क्ड."

त्याने उर्मटपणे म्हटलं नव्हतं. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, एवढंच. मग तो हळूहळू बोलू लागला. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, शाळा नाव काढायला विसरली असेल. मग एका सोमवारी ते नाव टाइप करायला लागलं. अर्धा वर्ग घाबरला. त्यानंतर कोणी त्यावर एक शब्द बोललं नाही. कोण आहे ते माहीत नाही, असं सांगताना त्याने नजर बाजूला वळवली, पण मी रेटलं नाही.

शेवटचं म्हणून मी शुक्रवारच्या शंकांच्या तासाचं विचारलं. तो दुपारी, नेमका जुम्म्याच्या नमाजाच्या वेळेला येतो. वेळापत्रक करताना हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, मग तास ऐच्छिक ठेवून आम्ही मोकळे झालो.

"फ्रायडे? आयम नेव्हर देअर, मिस," अर्सलान म्हणाला. "आयम इन द मॉस्क. ऑल अस बॉइज आर."

मी फोन ठेवला आणि शुक्रवारचे हजेरीपट काढले.

४

नववीत बारा मुसलमान मुलगे आहेत. शुक्रवारच्या तासाला त्यातले अकरा कधीच नसतात. बाराव्याने, म्हणजे यहयाने, एकही शुक्रवार चुकवला नव्हता.

एप्रिलमध्ये मात्र तोही नव्हता. मे महिन्याच्या आधी यहया शुक्रवारी गैरहजर, नंतर सतत हजर. म्हणजे त्याच्या जागी बसणाऱ्याला मशिदीत जायचं नव्हतं. सुजीतला मी आधीच वगळलं होतं, अर्सलान स्वतः मशिदीत. शिवाय यहयाचा पासवर्ड घरातच असणार. बाप त्या वेळी नमाजाला, आणि आईच्या सहीच्या जागी फॉर्मवर अंगठा होता. घरात उरलं कोण?

शुक्रवारी दुपारी घरी असणारी आणि कॅमेरा बंद ठेवायची सवय असलेली एक मुलगी उरली.

मी जुन्या नोंदींतून दुआची फाइल काढली. यहयापेक्षा चौदा महिन्यांनी मोठी, पण गावाहून उशिरा आल्याने एक वर्ष मागे पडलेली, म्हणून दोघं एकाच वर्गात. तिचा प्रवेश-परीक्षेचा पेपर उघडला. सरळ अक्षर. लाल पेन्सिलीचा समास.

कोडं सुटलं होतं. फाइलच्या शेवटी नोंद होती: 'नाव कमी केले, मे. कारण: कौटुंबिक निर्णय.' मला सगळं लख्ख दिसलं. मुलगा गेला, आणि घराने मुलीलाही शाळेतून काढलं. ती बिचारी भावाच्या नावाआड लपून, बापाच्या चोरून शिकतेय. अशा नोंदी मी खूप केल्यात. दुआच्या आधी सहा वर्षांत कोकणातल्या घरांमधून अकरा नावं गेली, त्यातल्या दहा मुली.

बऱ्याच दिवसांनी मला राग आला, आणि राग येतोय याचं बरंही वाटलं. गुरुवारी सकाळी हनीफला म्हटलं, यल्ला, मुहैस्नाहला चल. त्या बापाशी मला बोलायचंय.

५

दुकान लहानसं होतं. दारात पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे, आत कांदे, डाळी, फोनची कार्डं. कॅम्पमधली दोन माणसं साबण घेत होती. मुश्ताकभाई गल्ल्यावर बसले होते. पांढरी दाढी, वय असेल पंचेचाळीस, दिसायला साठीचे. शाळेतून आलेय म्हटल्यावर ते उठले, दुकान नोकरावर टाकलं आणि मला वर घरी घेऊन गेले.

नूरजहाँबाईंनी पाणी आणलं आणि त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. मी बसल्या बसल्या सुरुवात केली. मुलीचं शिक्षण थांबवणं कसं चूक आहे, ती किती हुशार आहे, आठ महिने लपूनछपून ती कशी शिकली, सगळं पाठ केल्यासारखं बोलले.  माझं संपल्यावर मुश्ताकभाईंनी खिशातून फोन काढला.

"मी थांबवलं?" ते म्हणाले. "मॅडम, थांबवलं तुम्ही."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. शाळेच्या नंबरवर त्यांनीच पाठवलेला मेसेज होता, मे महिन्यातल्या शनिवारचा.

'अस्सलाम अलैकुम. माझी दोन मुलं तुमच्या नववीत आहेत. आता एकच शिकणार. एक नाव कमी करावं. मुश्ताक परकार.'

खाली उत्तर होतं: 'ओके. डन.' ते माझं उत्तर होतं.

मी वर सरकवलं. मंगळवार, साडेआठ: आपला पाल्य यहया आज गैरहजर आहे. बुधवार, साडेआठ: आपला पाल्य यहया आज गैरहजर आहे. गुरुवार. शुक्रवार. आमची यंत्रणा आपोआप पाठवते. मुलगा सोमवारी संध्याकाळी गेला होता.

"रोज सकाळी वाजायचं," मुश्ताकभाई म्हणाले. "ते बंद व्हावं म्हणून लिहिलं. त्याचं नाव लिहायला हात उठला नाही. मला वाटलं तुम्ही विचाराल, कोणाचं नाव. मग सांगितलं असतं."

मी विचारलं नव्हतं. तो शनिवार मला आठवत नाही, पण मी काय केलं असेल ते मला नीट माहीत आहे. नाव परकार, दुकान मुहैस्नाहमध्ये, एक मुलगा, एक मुलगी, एकच शिकणार. अकरातल्या दहा. आकडे बघितले आणि मुलीचं नाव कमी केलं. 'कौटुंबिक निर्णय' हे कारण त्यांनी कुठेच लिहिलं नव्हतं. ते मी यादीतून निवडलं होतं.

अकरावी मुलगी होती दुआ.  तिच्या आधीच्या दहांपैकी किती जणींबद्दल मी घरी फोन करून विचारलं होतं, ते आठवून पाहिलं. एकीबद्दलही नाही.

दुआ आतल्या खोलीतून आली. डोक्यावर ओढणी, बोटाला लाल पेन्सिलीचा डाग. मी विचारलं, तुझं खातं बंद झालं तेव्हा कळवलं का नाहीस?

"आय ट्राइड, मॅम. थ्री टाइम्स," ती म्हणाली. "इट सेड ओन्ली रजिस्टर्ड स्टुडंट्स कॅन कम्प्लेन."

हा नियमही माझाच. फालतू तक्रारी कमी व्हाव्यात म्हणून केला होता.

मुश्ताकभाईंनी पुढचं सांगितलं. तिचं बंद, त्याचं चालू. बापलेकींनी मिळून दोनदा ऑफिसला फोन लावला, तो मशीननेच उचलला. त्यांना वाटलं, तुमच्याकडे असंच करत असतील, एकाची जागा दुसऱ्याला. अभ्यास थांबत नव्हता. शोक करायचा की शाळेशी भांडत बसायचं?

मी म्हटलं, आज दोनच्या आत सगळं दुरुस्त होईल. दुआच्या नावाने नोंदणी, तिची हजेरी, तिचे गुण, सगळं तिच्या नावावर. वर्ष वाचेल.

दुआने मान हलवली. तिला आनंद झाल्यासारखा दिसला नाही. तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि पहिल्यांदा मराठीत बोलली.

"मॅम, सकाळी हजेरी घेतात ना, तेव्हा अम्मी इथे येऊन उभी राहते. त्याचं नाव ऐकायला."

 नूरजहाँबाईंनी माझा रिकामा ग्लास उचलला आणि आत गेल्या.

६

परत येताना गाडीत मी रडले. हनीफने आरशात पाहिलं आणि रेडिओ बंद केला. 

फिरदोस मॅडमना मी काहीही न लपवता सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या की दुरुस्तीच्या फॉर्मवर कारण 'तांत्रिक बिघाड' लाव, कोणी विचारणार नाही, तुझ्यावरही येणार नाही. त्या माझ्या भल्यासाठीच सांगत होत्या. मी 'इतर' निवडलं आणि लिहिलं: 'नोंदणी करणाऱ्या कर्मचाऱ्याची चूक. वडिलांना न विचारता नाव कमी केले. अनुराधा टिपणीस.' त्यांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. पुढे माझं काय करायचं ते मार्चनंतर बघू म्हणाल्या. यादी एक वाजून चाळीस मिनिटांनी गेली.

मग मी माझा तक्ता उघडला. मुलगे बासष्ट, मुली अठ्ठावन्न. एकूण एकशेवीस. एक मुलगा मेला आणि एक मुलगी परत आली, तरी खालची बेरीज जिथल्या तिथे होती. परवान्याला धक्का नाही. 'गेले' या रकान्यात मी यहयाची तारीख लिहिली आणि कारणाच्या यादीत 'मृत्यू' हा शब्द शोधला. तो नव्हता. दहा वर्षांत मी तो घातलाच नव्हता.

उरलेल्या दहा मुलींच्या घरचे नंबर एका कागदावर उतरवले. त्यातले चार आता लागत नाहीत. बाकीच्यांना मी एकेक करून फोन करतेय.

सोमवारी सकाळी आठला मी नववीच्या वर्गात जाऊन बसले, म्हणजे हेडफोन लावून स्क्रीनसमोर. सुजीत इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने हजेरी घेतो. अंश. अर्सलान. मग त्याने दुआ परकार म्हटलं.  मग एका काळ्या चौकोनातला माइक आठ महिन्यांत पहिल्यांदा उघडला. मागे स्वयंपाकघरातला नळ वाहत होता, भांडी वाजत होती.

"प्रेझेंट, सर."

 अर्सलानने कॅमेऱ्यासमोर मान खाली घातली. सुजीत पुढे गेला. मधू, तनिष. त्यानंतर सवयीने त्याचं बोट शेवटच्या ओळीवर गेलं असणार, कारण तो थांबला. तिथे आता ओळ नव्हती.

दुआचा माइक अजून चालू होता. पलीकडे नळ बंद झाला. कोणीतरी भांडं अलगद खाली ठेवलं आणि दारापर्यंत चालत आलं.

सुजीत थांबलेलाच होता. मी माझा माइक उघडला. असं करायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि मला कोणी सांगितलंही नव्हतं.

"यहया परकार," मी म्हटलं.

कोणी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने पलीकडचा नळ पुन्हा सुरू झाला. सुजीतने पुस्तकाचं एकशे बारावं पान काढायला सांगितलं.